खिशातला व्हॉल्व्ह

तर्री-पोह्याचा पहिला घास घेता घेता बंटीनं निकाल देऊन टाकला, "घेऊ नको बे देवा. टायमिंग चेन जाईल, इंजिन बसेल, अन् तू आमच्याकडंच उधारी मागशील."

देवाला फोक्सवॅगनची जुनी पोलो जीटीआय घ्यायची आहे. 2016 मध्ये आलेली, तीन दारांची, 1.8 लिटर टर्बो, 192 पीएस. भारतासाठी 99च गाड्या ठेवल्या होत्या, म्हणून भाऊ दोन महिने झोपेतही तेच बरळून राहिला. माझी स्वतःची गाडी 800 आहे, त्यामुळे या विषयात माझं काम फक्त चहा सांगणं.

लक्ष्मीनगरच्या आमच्या कट्ट्यावर इंजिन उघडून पाहिलेला एकटा पंकज. तो म्हणाला, "चेन नाई, चेनचा टेन्शनर. अन् तोही आधीच्या पिढीतला, फोक्सवॅगनच्याच सहाव्या पिढीच्या गोल्फ जीटीआयच्या दोन लिटर इंजिनाचा. ऑइलच्या दाबावर तो चेन ताणून धरते. गाडी बंद केली की दाब जाते. मग आतल्या खटक्यानं धरलं नाही तं चेन ढिली, दात सुटते, व्हॉल्व्हच्या उघडझापीची वेळ चुकते अन् व्हॉल्व्ह पिस्टनले भिडते. हिच्यात तो बदलला आहे."

"मग हिच्यात काय जाते?"

"पाणी. वॉटर पंप अन् थर्मोस्टॅटचं घर प्लास्टिकचं. गरम-थंड होऊन होऊन गळते."

"म्हणजे माहंच खरं!" बंटी उसळला. "मे महिन्यात इथं 45 डिग्री."

"अबे बह्याड, कूलंट पुण्यातही नव्वदीलाच चालते. गळती दिसली तरी महिनाभर नळाचं पाणी ओतत राहते ना तुझ्यासारखे, त्यानं वाट लागते."

संज्यानं मधेच फोर्ड आणली. 2016-17 च्या काही फोकस आरएसला कारखान्यातच फोर्डच्याच मस्टँगचं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक अन् हेड यांच्यामधली सील, बसलं होतं. इंजिन दोन्हीकडं 2.3 लिटरचंच, पण पाण्याच्या वाटा वेगळ्या. कूलंट सिलिंडरमध्ये, सकाळी पांढरा धूर. 2018 मध्ये कंपनीला ती बदलून द्यावी लागली. "आता यात मालकाची काय चूक?" यावर पंकजकडंही उत्तर नव्हतं.

त्यानं खिशातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून पोह्याच्या प्लेटशेजारी ठेवलं. इनटेक व्हॉल्व्ह, सिलिंडरमध्ये हवा सोडणारी झडप. दांडीच्या खालच्या भागावर काळी, खडबडीत पुटं, खालून करपलेल्या कढईसारखी. नखानं खरवडली, निघेना. कोणत्या गाडीचा ते त्यानं सांगितलं नाही. जुन्या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागं पडायचं, तो धुतला जायचा. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये, अन् क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या तळातून, येणारी ऑइलची वाफ व्हॉल्व्हवर भाजत बसते. साफ करायला अक्रोडाच्या टरफलाचा भुगा हवेच्या दाबानं मारतात.

"अक्रोड आपल्याले खायले भेटत नाई," बंटी म्हणाला.

संज्याला मात्र आनंद झाला. "म्हणून मी गाडी दामटत नाई. पाचवा गिअर, चाळीसचा स्पीड."

"अन् ट्रक दिसला की तिथूनच पूर्ण पाय?" पंकजनं विचारलं. संज्या गप्प. "कमी आरपीएमवर टर्बो हवा कोंबते, मिश्रण स्पार्कच्या आधीच पेटते. पिस्टन वर येऊन राहिला अन् वरून घण. रिंगा बसतात त्या खाचांच्या कडा तुटते. याच्यासाठीच 2018 मध्ये एपीआय एसएन प्लस दर्जाचं इंजिन ऑइल आलं. गिअर खाली टाकून पळव, काही होत नाई."

हे मला पटलं. मायलेजवाले आम्हाला उगाच साधे वाटत होते.

देवानं शेवटी कामाचं विचारलं, पाहायला गेल्यावर काय करू? पंकज म्हणाला, "विकणाऱ्याले सांग, आम्ही यायच्या आधी सुरू करू नको. थंड इंजिनाचे पहिले दोन-तीन सेकंद ऐकायचे. खडखड आली तर चहाही पिऊ नको."

सोमवारी सकाळी सातला आम्ही तिघं गेलो. गाडी देखणी, पुसून ठेवलेली. विकणारे काका म्हणाले, कालपासून हात लावला नाही. पंकजनं बोनेटवर तळवा ठेवला, मग देवाचा हात धरून तिथं ठेवला.

कोमट होतं.