न्हावा-शेवा बंदर विकलेलं नाही

‘ट्रस्टची पाटी उतरली, न्हावा-शेवा बंदर खासगी कंपनीला विकलं’ असा मेसेज फिरतोय. तो साफ चुकीचा आहे. १९६३ चा पोर्ट ट्रस्ट कायदा जाऊन ३ नोव्हेंबर २०२१ पासून नवा कायदा लागू झाला, म्हणून हे बंदर सांभाळणाऱ्या जेएनपीटीचं (जवाहरलाल नेहरू पोर्ट ट्रस्ट) जेएनपीए (जवाहरलाल नेहरू पोर्ट अथॉरिटी, म्हणजे बंदर प्राधिकरण) झालं. मालकी सरकारचीच.

मग क्रेनवर खासगी कंपनीचं नाव कसं? धक्के ठरावीक मुदतीच्या कराराने चालवायला दिलेत, क्रेनखालची जमीन मात्र प्राधिकरणाचीच. हे १९९० च्या दशकापासून चालत आलंय. प्राधिकरणाच्या मंडळावर कामगारांचे प्रतिनिधी आहेत, हिशेब कॅग (सरकारी हिशेब तपासणारी घटनात्मक संस्था) तपासतं.

जाब विचारायचाच तर माल हाताळण्याच्या दरांचा विचारा: नव्या करारांत टर्मिनल (म्हणजे धक्का) चालवणारी कंपनी बाजार बघून दर ठरवू शकते. माल पाठवणाऱ्या छोट्या निर्यातदाराला त्याचीच झळ बसेल.