सहा टक्के एरर, पण कशाचे सहा टक्के?

दादा, एवढी सविस्तर कमेंट टाकलीत त्याबद्दल आधी आभार. तुमचं म्हणणं असं की जतच्या प्लांटला सोलर जनरेशनचा अंदाज देणारी कंपनी सहा टक्के एरर दाखवतेय, तो २०१८ च्या नियमांतल्या पंधरा टक्क्यांच्या सवलतीच्या आत आहे, त्यामुळं अंदाज चुकल्याचा दंड बसत नाही, मग मी 'काल तेच आज' असल्या अडाणी अंदाजाशी तुलना करून शंका का काढतोय. त्या नियमांपुरतं दंडाचं तुमचं बरोबर आहे, बाकीचं मला पटलेलं नाही.

अंदाज पंधरा-पंधरा मिनिटांच्या ब्लॉकचा द्यायचा असतो, चोवीस तासांचे असे ९६ ब्लॉक, त्यातले जवळपास निम्मे रात्रीचे. रात्री अंदाज शून्य, जनरेशन शून्य, एरर शून्य, आणि हे शून्य सरासरीत घेतले की दिवसाचा बारा टक्के एरर कागदावर सहा होतो! रिपोर्टात रात्र धरलीय का, हे पहिलं विचारा.

दुसरं, भागायचं कशानं. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१८ च्या नियमांत एरर प्लांटच्या उपलब्ध क्षमतेवर काढतात, आलेल्या विजेवर नाही. त्याला कारण आहे, १० मेगावॉटच्या प्लांटला सकाळी सातला ०.४ चा अंदाज दिला आणि ०.२ आले तर विजेवर भागून १०० टक्के एरर दिसतो, क्षमतेवर फक्त २, आणि ग्रीडला तेवढ्यानं काही होत नाही. पण मळभ असलेल्या दुपारी ४ सांगून ३ आले तरी क्षमतेवर १० टक्केच, म्हणजे त्या नियमांत दंड नाही, आणि चूक मात्र आलेल्या विजेच्या एक तृतीयांश.

आता तो अडाणी अंदाज. निरभ्र आकाशात जेवढी वीज आली असती त्याच्या किती टक्के काल आली ते काढायचं आणि आजही तेवढेच टक्के येतील असं धरायचं, बास. मार्चात जतला आकाश कोरं असतं, तेव्हा यानंच काम भागतं. समजा मार्चात याचा आरएमएसई, म्हणजे मोठ्या चुकांना जास्त वजन देणारा सरासरी एरर, ४ टक्के आणि कंपनीचाही ४, तर कंपनीनं काय कमावलं? शून्य. जुलैत याचा २० आणि कंपनीचा १५, तर एक वजा १५ भागिले २०, म्हणजे २५ टक्के कौशल्य, अडाणी अंदाजापेक्षा एरर तेवढा कमी. पंधराचा आकडा चारापेक्षा मोठा दिसतो, पण खरी मेहनत जुलैतच झालीय. म्हणून मी तुलनेचा एवढा हट्ट धरतो. वर्षाची एकच सरासरी काढली की मार्चची पुण्याई जुलैच्या खात्यात जमा होते.

आणि जुलै आपल्याकडं सोपा नाही हो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. हवामानाचं मॉडेल नकाशाचे काही किलोमीटरचे चौकोन पाडून अंदाज देतं, त्याला ढग वडूजवर विरला का म्हसवडपर्यंत गेला हे नेमकं कसं कळणार. पुढच्या दोन-चार तासांसाठी इन्सॅट उपग्रहाच्या फोटोंवरनं ढगाची चाल धरणं जास्त भरवशाचं, उद्यासाठी मात्र मॉडेलच लागतं.

तेव्हा कंपनीकडून फक्त जुलै-ऑगस्टचा, रात्र वगळून उजेडातल्या तासांचा डेटा मागा, ब्लॉकवार, आणि प्रत्येक अंदाज किती वाजता दिला होता ती वेळ त्यात पाहिजेच. शेड्यूल, म्हणजे ग्रीडला आधी कळवलेला अंदाज, दिवसात बदलता येतं, त्यामुळं आदल्या संध्याकाळचा अंदाज आणि दीड-दोन तास आधी सुधारलेला अंदाज एकाच सरासरीत कालवले असतील तर त्या सहा टक्क्यांवरनं काहीच ठरवता येणार नाही.