"कर्त्याचं लिंग-वचन घे आणि क्रियापदाला लाव, झालं" म्हणणाऱ्यांनो, एकदा बसून नियम लिहा

मराठीचं व्याकरण संगणकाला समजेल अशा नियमांत लिहितेय. तीन दिवस झाले एकाच वाक्यावर अडकून बसलेय आणि आता डोकं फुटायची वेळ आलीय. "तू निरोप पाठवलास." तीन शब्द. पाच वर्षांचं पोर बोलतं हे. पार्सर, म्हणजे माझे नियम लावून वाक्याची रचना शोधणारा प्रोग्राम, म्हणतो एकही झाड (वाक्यरचनेची आकृती) बनत नाही. का नाही, कुठे अडलं, काही सांगत नाही. युनिफिकेशनचा, म्हणजे शब्दांची माहिती एकमेकांशी जुळवून बघण्याच्या पद्धतीचा, हाच वैताग आहे, दोन फीचर (लिंग, वचन असे गुण) जुळली नाहीत की सगळंच कोसळतं आणि नेमकं कोणाचं कोणाशी बिनसलं ते आपण ट्रेसमध्ये, पार्सरच्या कामाच्या नोंदीत, ओळ ओळ वाचत शोधायचं, रात्री दोन वाजता, डोळे ताणून.

शेवटी सापडलं. शिकवताना दाखवतात त्या नमुना व्याकरणात पुरुष, लिंग, वचन हे सगळं एकाच गाठोड्यात बांधलेलं असतं, आणि ते अख्खं गाठोडं एकाच नामाकडून उचलून क्रियापदाला द्यायचं. आणि 'पाठवलास' मध्ये काय आहे? 'ला' आलाय निरोपामुळे, 'स' आलाय 'तू' मुळे. चिठ्ठी असेल तर पाठवलीस, पत्र असेल तर पाठवलंस. एक क्रियापद एकाच वेळी दोघांशी जुळतंय! मग गाठोडं सोडावं लागतं, पुरुष एकीकडून घ्यायचा, लिंग-वचन दुसरीकडून, आणि एवढं केलं की त्या गाठोड्यावर उभे असलेले बाकीचे सगळे नियम मोडतात, ते परत दुरुस्त करत बसा.

वर ज्याला सांगावं तो म्हणतो, अगं सोपं आहे, ज्याला प्रत्यय नाही त्याच्याशी जुळव. अरे केलं ना ते! 'त्याने चिठ्ठी पाठवली' ला चाललं. 'त्याने मुलीला बोलावलं' मध्ये दोघांनाही प्रत्यय, तिथे क्रियापद कोणाशीच जुळत नाही, नपुंसकलिंगी एकवचन घेऊन बसतं, तेही जमवलं. पण 'मी चिठ्ठी पाठवली' मध्ये 'मी' ला 'ने' लागतच नाही, म्हणजे दोघंही मोकळे, आता कोणाचं ऐकायचं? बरं, भूतकाळात कर्म असेल तर कर्माचं ऐक असं लिहिलं, तर लगेच 'मी चिठ्ठी विसरले' समोर उभं! विसरणे, शिकणे, ही क्रियापदं कर्म असूनही कर्त्याचंच ऐकतात. म्हणजे कोशात प्रत्येक क्रियापदाला वेगळी खूण करत जा. कर्तरी, कर्मणी, भावे हे आपण शाळेत शिकलोय, नवीन काहीच नाही यात, तरी कोणत्याही तयार टूलमध्ये हे 'अपवाद' म्हणून मागच्या दाराने घुसवावं लागतं याचाच मला संताप येतो. अपवाद कसला? भूतकाळातलं निम्मं बोलणं असंच असतं.

आणि रूपं तर विचारूच नका. 'आली' म्हणजे ती एकटी आली की ती सगळी मुलं आली? 'आले' म्हणजे ते आले, की पत्र आले, की मी, बाई माणूस, आले? पूर्वी निदान 'पत्र आलें', 'मुलें आलीं' असा अनुस्वार तरी लिहायचे, 1962 च्या लेखननियमांनी तो गेला आणि ती खूणही गेली. माणसाला काही फरक पडत नाही, पण ॲनालायझर, म्हणजे शब्दाचं रूप ओळखणारा प्रोग्राम, प्रत्येक 'आले' ला तीन-तीन उत्तरं देतो आणि निवडायची जबाबदारी परत माझ्याच नियमावर. त्यात 'बाबा आले' म्हटलं की बाबा एक, क्रियापद अनेकवचनी, 'माझे' सुद्धा अनेकवचनी. आणि 'नवरा-बायको आली' मध्ये एक पुल्लिंग, एक स्त्रीलिंग, बेरीज नपुंसकलिंग अनेकवचन! आता बरेच जण 'आले' पण म्हणतात, मग दोन्ही चालवून घ्यावं लागतं, आणि दोन्ही चालवलं की चुकीची वाक्यंही आत शिरतात.

एलएफजी किंवा एचपीएसजी या व्याकरण मांडायच्या पद्धतींना हे झेपत नाही असं माझं म्हणणं नाही, झेपतं, लोकांनी करून दाखवलंय. बास्कमध्ये तर क्रियापद कर्ता, कर्म आणि ज्याला दिलं तो, तिघांशीही जुळतं, तेही मांडलंय. राग आहे तो पहिल्या धड्याचा. इंग्रजीत वर्तमानकाळात एक शेवटचा 'एस' लागतो की नाही एवढाच प्रश्न, त्यावरून 'अग्रीमेंट' (क्रियापदाची जुळणी) शिकवायचं, त्यावरूनच टूलची डिफॉल्ट्स बसवायची, आणि मग आम्ही विचारलं की "तुमची भाषा जरा कॉम्प्लेक्स आहे ना" असं ऐकवायचं. कॉम्प्लेक्स नाहीये! तुम्ही गाठोडं चुकीचं बांधलंय! आणि तपासायला डेटा म्हणाल तर युनिव्हर्सल डिपेंडन्सीज या अनेक भाषांच्या संग्रहातली मराठी ट्रीबँक (रचना दाखवलेल्या वाक्यांचा साठा) पाचशे वाक्यांचीही नाही, त्यात 'पाठवलास' सारखी रूपं किती सापडणार?

आज गाठोडं फोडलं, 'पाठवलास' पास झालं. आणि 'ती शाळेत गेली', जे पहिल्या दिवसापासून चालत होतं, ते आता फेल होतंय.