हिशोब जुळला तर शप्पथ!

घरखर्च सॉफ्टवेअरमध्ये टाका, सगळं आपोआप होतं म्हणे. आपोआप! आधी बँकेच्या साईटवर लॉगिन करा, ओटीपी येईपर्यंत सेशन संपलेलं, परत पासवर्ड, परत ओटीपी, आणि एवढं करून स्टेटमेंट मिळतं कशात तर पीडीएफमध्ये, त्यालाही वेगळाच पासवर्ड. अरे सीएसव्ही, म्हणजे सॉफ्टवेअरला सरळ वाचता येईल अशी साधी तक्त्याची फाईल, द्यायला काय जातं तुमचं?

आणि दिलीच सीएसव्ही तर तारखांची बोंब. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? सॉफ्टवेअर बिनधास्त मार्च धरतं, आणि १३ तारखेपासून पुढचं सगळं चुकीचं म्हणून फेकून देतं, कारण तेरावा महिना कुठून आणणार! ते निस्तरून परत इम्पोर्ट केलं की अर्ध्या एन्ट्र्या डबल. त्यात क्रेडिट कार्ड... कार्डावरची खरेदी एक खर्च आणि कार्डाचं बिल भरलं तो दुसरा खर्च, म्हणजे याच्या मते मी एकच महिना दोनदा जगतो बहुतेक. ट्रान्सफर नावाचा प्रकार असतो, आपलेच पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, खर्च नव्हे, हे दरवेळी मीच शिकवायचं का याला?

एवढं करून शेवटी फरक उरतो ०.०१. कुठून आला हा?? रात्रीचा एक वाजलाय आणि मी अजून तोच शोधतोय.