सशाला दुसरं नाव नाही

रानससा मी पहिल्यांदा खाल्ला तेव्हा तिसऱ्या घासाला दाताखाली कटकन काहीतरी आलं. काढून ताटाच्या कडेला ठेवलं, तर मोहरीपेक्षा थोडा मोठा शिशाचा छर्रा. मैत्रिणीचे वडील समोरच जेवत होते. "सापडला का गं? दे इकडे, माझाच आहे," म्हणाले. काका राहतात तिथे परवाना काढून, ठरलेल्या हंगामात शिकार करता येते. सगळे हसले, मीही हसले, पण पुढचा घास काही केल्या गिळवेना.

खरं तर आधीचे दोन घास मी चवीने खाल्ले होते. मांस तेच, रस्सा तोच, जिभेची काही तक्रार नव्हती. त्या छर्र्याने फक्त एवढी आठवण करून दिली, की हा परवापर्यंत गवतातून पळत होता. कोंबडी अंगणात असते, ताटात आली की तिचं चिकन होतं. सशाला असं दुसरं नाव मिळालंच नाही. तो लांब कानांसकट ताटात येतो.

पॉल रोझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने किळस या विषयावर आयुष्यभर काम केलं. १९८६ साली त्याने आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एक मला फार आवडतो. मेलेलं, निर्जंतुक केलेलं झुरळ फळाच्या रसात क्षणभर बुडवून काढायचं आणि तो रस लोकांना द्यायचा. यात धोका काही नाही हे माहीत असूनही लोकांना तो रस नकोसा झाला. मला हे वाचून बरं वाटलं. म्हणजे माझं डोकं फिरलेलं नव्हतं, डोकं असंच चालतं.

त्यामुळे "मन घट्ट कर आणि गीळ" हा सल्ला मला पटत नाही. धाडस म्हणून गिळलेला घास पुढच्या वेळी आणखी जड जातो. माझ्या बाबतीत उपयोग झाला तो स्वयंपाकघरात उभं राहण्याचा. काकांनी हरणाची मांडी साफ करताना मला शेजारी उभं केलं. मांस गडद, जवळजवळ जांभळट लाल. सतत हालचाल करणाऱ्या स्नायूंमध्ये मायोग्लोबिन हे लाल रंगाचं प्रथिन जास्त असतं, म्हणून हा रंग. काका सुरीने पांढरी चरबी खरवडून काढत होते. त्यातला एक तुकडा तव्यावर वितळवून त्यांनी मला चाखायला दिला. क्षणभरात तो टाळूला मेणासारखा चिकटला. हरणाची चरबी लवकर गोठते. "लोक याला जंगली वास म्हणतात," काका म्हणाले, "आणि उरलेला वास शिकाऱ्याच्या आळसाचा." आतडी वेळेवर काढली नाहीत, मांस पटकन गार केलं नाही, तर उग्र वास येणारच. त्यात प्राण्याचा काय दोष? चरबी काढून मंद आचेवर शिजवलेली ती मांडी मी दोनदा मागून घेतली.

आता दुसऱ्या टोकाची माणसं. एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डमध्ये विल्यम बकलंड नावाचे भूगर्भशास्त्रज्ञ होते. झाडून सगळे प्राणी खाऊन पाहायचे असा त्यांचा नाद. जमिनीखाली बिळं करणारा मोल हा सगळ्यांत वाईट, असं ते म्हणत. पुढे निळी माशी खाल्ली आणि तो मान तिला गेला, असं सांगतात. वाचायला मजा येते, पण यादीवर खुणा करत खाणाऱ्यांना जेवायचं असतं की फक्त सांगायचं असतं, हे मला कळत नाही.

आणि एका भीतीचा मात्र मी मान राखते. २०२२ साली अमेरिकेत एका कुटुंबाने अस्वलाचं मांस भाजून खाल्लं. ४५ दिवस फ्रीझरमध्ये ठेवलेलं होतं, पण रंग मुळातच गडद, त्यामुळे ते अर्धकच्चं आहे हे आधी कळलंच नाही. सहा जणांना ट्रिकिनेला या परजीवी जंताची लागण झाली. त्यातल्या दोघांनी मांस खाल्लंच नव्हतं, त्यासोबत भाजलेल्या भाज्या तेवढ्या खाल्ल्या होत्या. अस्वलात सापडणाऱ्या या जंतांच्या काही जाती गोठवूनही मरत नाहीत. मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला शिजलं पाहिजे. म्हणून अस्वल समोर आलं की मी आधी थर्मामीटर मागते. यजमानांना राग आला तरी चालेल. शिशाचंही तसंच. डोळ्यांना न दिसणारे कण मांसात राहतात, म्हणून लहान मुलांना आणि गरोदर बायकांना छर्र्याची शिकार देऊच नये. जिथे शिकारीला बंदी आहे तिथे तर हा सगळा विषयच संपतो. तिथे चोरून मारलेलं खाण्यात कसलं आलंय धाडस.

हरीण आता मला मनापासून आवडतं, रानडुक्करही. ससा मात्र अजून अर्ध्यावरच आहे. काकांकडे गेले की दोन तुकडे वाढून घेते, सावकाश चावते, आणि दाताखाली कटकन वाजलं की न बोलता ताट त्यांच्याकडे सरकवते.