दराऱ्याचे पाच मंत्र आणि आंबलेला रस्सा

परवा भाच्यानं एक फॉरवर्ड पाठवलं, ‘हॉटेल चालवायचे पाच मंत्र’. खाली लिहिलं, ‘मामा, उद्यापासून हेच.’ लातूरला त्याचं हॉटेल आहे, बारा पोरं कामाला. हा मेसेज आमच्या धंद्यातल्या तीन ग्रुपवर आधीच येऊन गेलाय, म्हणून लिहितोय.

‘दरारा ठेवा, पोरं भीतीनंच काम करतात.’ मी परभणीत 22 वर्षं खानावळ चालवली. सुरुवातीला मीही असाच ओरडायचो. एकदा मे महिन्यात सकाळचा रस्सा रात्री आंबला. वाढणाऱ्या पोराला वास आला होता, पण तो गप्प राहिला. तीन ताटं गेली. चौथ्या गिऱ्हाइकानं वाटी नाकाशी धरली आणि परत केली. पोराला विचारलं तर खाली बघत म्हणाला, “सांगितलं असतं तर माझ्यावरच खेकसला असता.” खरंच खेकसलो असतो. पोरांची भीती अशी थेट गिऱ्हाइकाच्या पोटात जाते.

मालक समोर असेस्तोवर दराऱ्यानं काम उरकतं, तेवढं मानतो. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1930 च्या दशकाअखेर अमेरिकेत दहा वर्षांच्या मुलांच्या गटांवर हेच तपासलं. हुकूम सोडणारा म्होरक्या खोलीबाहेर गेला की कामाचा वेळ निम्म्याच्याही खाली यायचा. विचारून, सोबत बसून काम करून घेणारा गेला तरी काम जवळपास तसंच चालायचं. ती लेकरं होती, हॉटेलातली पोरं नव्हेत, हे कबूल. पण मालक दुपारी जेवायला घरी गेला की फडकं टेबलावर फिरतं की खांद्यावरच राहतं, ते मी रोज बघितलंय.

‘फुटलेला ग्लास पगारातून कापा.’ पोराची चूक होती का, हे त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय कापता येत नाही. 1936 च्या पगाराच्या कायद्यात तेच होतं, 2019 च्या वेतन संहितेतही तेच आहे.

‘कौतुक करू नका’, ‘गिऱ्हाइकासमोर झापा’. जेवताना शिव्या ऐकायला कुणी हॉटेलात येत नाही, एवढंच सांगतो.

शेवटचा सगळ्यात वाईट: ‘एक पगार अडकवा, पळत नाहीत.’ महिन्याचा पगार पुढच्या 7 तारखेच्या आत द्यायचा असतो. आणि ज्याला जायचं तो पैसे सोडून जातोच, तेही ऐन लग्नसराईत. मग वस्ताद भट्टी सोडून ताटं उचलत फिरतो.

भाच्याला फोन केला. भांडी घासणाऱ्या पोराचा पगार त्यानं अडकवलाच होता. त्या पोराच्या घरी सोयाबीनचं बियाणं घ्यायचं राहिलंय. भाचा उद्या सकाळी देतो म्हणालाय, दुपारी मी त्या पोरालाच विचारणार आहे.