'बायकांना छोटं रिव्हॉल्व्हरच बरं' : फिरत्या मेसेजला माझं उत्तर

टेक्सासमधल्या मराठी बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर गेले काही महिने एक मेसेज फिरतोय. मला तो चार मैत्रिणींनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा : "बायकांनी स्वसंरक्षणासाठी पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर घ्यावं. हलकं असतं, पर्समध्ये मावतं, कधीच अडकत नाही. लायसन्सची परीक्षा त्यावर आरामात पास होते. तेच घ्या, त्यावरच परीक्षा द्या, की तुम्ही तयार."

मी ही परीक्षा अशाच रिव्हॉल्व्हरवर दिली आहे आणि पासही झाले आहे. तरीही हा मेसेज वाचून कुणी थेट दुकानात जाऊ नये असं मला कळकळीनं वाटतं.

आधी परीक्षेचंच बघू. हँडगन, म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, जवळ बाळगण्याच्या टेक्सासच्या लायसन्ससाठी 50 गोळ्या झाडायच्या असतात : 3 यार्डांवरून 20, 7 यार्डांवरून 20 आणि 15 यार्डांवरून 10. समोर बी-27 नावाची मोठी कागदी मनुष्याकृती असते. एका गोळीला जास्तीत जास्त 5 गुण, एकूण 250, पास व्हायला 175. आता बेरीज करा. पहिल्या 40 गोळ्या बरोबर मध्ये बसल्या तर तिथेच 200 गुण झाले. म्हणजे 15 यार्डांवरच्या दहाच्या दहा गोळ्या कागदाला न लागताही माणूस पास होतो! माझ्या त्या दहांपैकी चार कागदाबाहेर गेल्या, तरी मला 210 गुण मिळाले. प्रशिक्षकानं हात मिळवला, बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी मात्र त्या चार गोळ्यांचा विचार करत घरी आले. नेमबाजीच्या रेंजवर मागे मातीचा बांध होता. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये मागे शेजाऱ्यांची खिडकी असते.

आणखी एक गोष्ट. या परीक्षेत एका वेळी पाचपेक्षा जास्त गोळ्या सलग झाडाव्या लागत नाहीत, त्यामुळे पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर तिच्यात चपखल बसतं. पाच झाडा, सावकाश रिकाम्या पुंगळ्या काढा, सावकाश पुन्हा भरा. भरायला किती वेळ लागतो हे कुणी मोजतच नाही. म्हणून 'आरामात पास होते' हे खरं असलं, तरी 'की तुम्ही तयार' हे त्यातून निघत नाही. तसंही 1 सप्टेंबर 2021 पासून टेक्सासमध्ये 21 वर्षं पूर्ण झालेल्या आणि कायद्यानं अपात्र नसलेल्या माणसाला लायसन्सशिवायही हँडगन जवळ बाळगता येते. लायसन्स घ्यावंच, इतर अनेक राज्यांत ते चालतं. पण ते कौशल्याचं प्रमाणपत्र नाही.

आता 'हलकं' या शब्दाकडे येते, कारण सगळा घोळ तिथे आहे. स्मिथ अँड वेसनचं 642 हे या जातीचं अगदी नेहमीचं मॉडेल. वजन साधारण सव्वाचारशे ग्रॅम, नळी दोन इंचांहूनही किंचित आखूड. दुकानात हातात घेतलं की खेळण्यासारखं वाटतं. पण तोच हलकेपणा गोळी सुटताना अंगावर येतो. जुन्या पोलिसी पद्धतीचं चार इंची नळीचं पोलादी रिव्हॉल्व्हर जवळजवळ एक किलोचं असतं. काडतूस तेच, .38 स्पेशल नावाचं. वजन निम्म्याहून कमी झालं की मागे येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा दुपटीहून जास्त होते. तिसाव्या गोळीपर्यंत माझ्या अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी सोलली होती. पुढच्या प्रत्येक गोळीआधी डोळे आपोआप मिटायला लागले होते, आणि ते मला कळतसुद्धा नव्हतं.

त्याहून मोठी अडचण ट्रिगरची. तो ओढायला साधारण पाच-साडेपाच किलोचा जोर लागतो. म्हणजे हातातल्या वस्तूच्या बारा-तेरापट जोर तिच्यावर एका बोटानं लावायचा आणि तरी ती हलू द्यायची नाही. माझं हत्यार प्रत्येक वेळी शेवटच्या क्षणी खाली-डावीकडे झुकायचं. त्या चार गोळ्या तिकडेच गेल्या. नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या खुणांमध्ये, म्हणजे दोन साइटमध्ये, जेमतेम दहा सेंटिमीटर अंतर मिळतं. तिथे पुढची साइट एक मिलिमीटर हलली तर 15 यार्डांवर गोळी जवळजवळ 14 सेंटिमीटर सरकते. सहा इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरवर तीच चूक साधारण निम्मी होते.

'बाईच्या हाताला हलकं हत्यार' ही कल्पना भारतातही आहेच. 2014 मध्ये कानपूरच्या ऑर्डनन्स कारखान्यानं 'निर्भीक' आणलं तेव्हाही बायकांसाठीचं अर्ध्या किलोचं रिव्हॉल्व्हर म्हणूनच त्याची ओळख करून दिली गेली. ते निदान .32चं, म्हणजे कमी जोराच्या काडतुसाचं आहे. इथे मैत्रिणी .38 घेतात, आणि दुकानदार कधीकधी त्याहून जोरदार .357चं सुचवतो.

'कधीच अडकत नाही.' यात तथ्य आहे. गोळी फुसकी निघाली तर पुन्हा ट्रिगर ओढला की पुढची समोर येते. ही मोठीच सोय. पण 'कधीच' खोटं आहे. सिलिंडरमधून, म्हणजे काडतुसं भरायच्या फिरत्या भागातून, पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली न जळलेल्या दारूचे चार कण अडकले तरी सिलिंडर नीट बंद होत नाही. माझ्या पिशवीत त्यासाठी एक जुना टूथब्रश असतो. फार हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये तर धक्क्यानं शेजारच्या काडतुसांमधल्या गोळ्या पुढे सरकून सिलिंडर जाम होऊ शकतो. आखूड नळीमुळे पुंगळ्या ढकलणारा दांडाही आखूड असतो. एखादी पुंगळी अर्धवट बाहेर येऊन तिथेच राहते आणि नखानं ओढून काढावी लागते.

पर्सबद्दल मी फार बोलणार नाही. 30 डिसेंबर 2014ला आयडाहोतल्या हेडन गावी, वॉलमार्टमध्ये, दोन वर्षांच्या मुलानं आईच्या पर्समधून हँडगन काढली आणि ती सुटून आई जागीच गेली. ते पिस्तूल होतं, रिव्हॉल्व्हर नव्हे. पर्स मात्र हत्यार ठेवायला खास कप्पा असलेलीच होती. जिच्या घरात लहान मूल आहे तिनं हत्यार बाळगायचंच असेल तर ते अंगावर, ट्रिगर पूर्ण झाकणाऱ्या होल्स्टरमध्ये असावं.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट आपल्या लोकांसाठी सगळ्यांत महत्त्वाची आहे. एच-1बी, एच-4 किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना संघराज्याच्या कायद्यानुसार, काही ठरावीक अपवाद वगळता, बंदूक किंवा काडतुसंही जवळ ठेवता येत नाहीत. टेक्सासची 2021ची मोकळीक त्यांना लागू होत नाही. ग्रीन कार्डवाल्यांची गोष्ट वेगळी. व्हिसावर असाल तर वकिलाला विचारल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका.

उरलं 'त्यावरच परीक्षा द्या'. हे एक वाक्य मला पटतं, फक्त त्याची जागा चुकली आहे. जे बाळगणार त्यावरच परीक्षा द्यावी, मोठं हत्यार उसनं घेऊन देऊ नये. पण सुरुवात त्यावर करू नये. छोटं रिव्हॉल्व्हर हे मुरलेल्या हाताचं काम आहे. बऱ्याच रेंजवर हत्यारं भाड्यानं मिळतात. आधी चार इंची पोलादी रिव्हॉल्व्हर कमी जोराच्या काडतुसांवर चालवा, मग छोटं घ्या, आणि तेव्हाही एका दिवसात पन्नास झाडू नका. मी आता महिन्यातून दोनदा जाते. सुरुवातीच्या दहा गोळ्या 15 यार्डांवरूनच झाडते आणि कागदाबाहेर किती गेल्या ते वहीत लिहिते. गेल्या वेळी एक गेली.